ओव्हरड्राफ्ट : सवलतीपासून दंडापर्यंत

१/ एडिनबरो, १७२८. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला खात्यातील शिलकेपेक्षा १,००० पौंड अधिक उचलण्याची मुभा दिली. जगातील पहिला ओव्हरड्राफ्ट म्हणून हाच व्यवहार ओळखला जातो.

२/ पावणेतीनशे वर्षांनंतरची अमेरिका. डेबिट कार्डाने खरेदी करताना शिल्लक अपुरी असली, तरी अनेक बँका व्यवहार नाकारत नसत. त्या तूट भरून काढत आणि सुमारे ३५ डॉलर शुल्क लावत. ग्राहकाला आधी विचारलेले नसे.

३/ काही बँका दिवसभराचे व्यवहार मोठ्या रकमेपासून वजा करत. समजा, शिल्लक १०० डॉलर आणि खरेदी अनुक्रमे १०, २० व ९० डॉलरची. क्रमाने वजावट झाल्यास शुल्क एकदाच. ९० पासून सुरुवात केल्यास दोनदा!

४/ अखेर २००९ मध्ये फेडरल रिझर्व्हने नियम केला. त्यानुसार २०१० पासून ग्राहकाच्या पूर्वसंमतीविना एटीएम आणि एकवेळच्या कार्डखरेदीवर हे शुल्क घेण्यास मनाई झाली.

५/ तरीही संमती देणारे पुष्कळ होते. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाला २०१४ मध्ये आढळले, की कार्डखरेदीवरील अशी बहुतांश शुल्के २४ डॉलर किंवा त्याहून लहान खरेदीवर लागत होती. हॉगची सवलत व्यापाऱ्याची निकड भागवण्यासाठी होती. येथे मात्र दंडच खरेदीहून मोठा झाला होता.