जुन्या फर्ग्युसनचा स्टार्टर

ट्रॅक्टर जुना झाला की त्याचे इंजिन आधी थकते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक जुने ट्रॅक्टर शेडमध्ये उभे राहतात ते स्टार्टरसारख्या लहान भागापायी. इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन कारखान्यात तयार झालेला करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२० हे याचे उत्तम उदाहरण होय. स्टँडर्ड मोटर कंपनीने १९४६ ते १९५६ या काळात असे ५ लाख १७ हजारांहून अधिक ट्रॅक्टर बनवले. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले तेही फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरूनच. हे ट्रॅक्टर आजही संग्राहकांकडे आणि लहान शेतांवर चालू स्थितीत आढळतात. त्यांचा स्टार्टर बिघडला तर योग्य सुटे भाग कसे शोधावेत, याचे एक शास्त्र आहे.

गिअरच्या दांड्यातच किल्ली

टीई-२० सुरू करण्याची पद्धत वेगळी आहे. गिअरचा दांडा न्यूट्रलमधून ‘एस’ या खुणेकडे नेला की स्टार्टरचा स्विच दाबला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना दांडा तेथे नेताच येत नाही. म्हणजे सुरू होताच ट्रॅक्टर अचानक पुढे धावण्याचा धोका रचनेतच टाळलेला आहे. हॅरी फर्ग्युसन यांचे नाव ट्रॅक्टर आणि अवजार यांना जोडणाऱ्या तीन बिंदूंच्या हायड्रॉलिक जोडणीसाठी घेतले जाते. पण हा साधा स्विचही त्याच काटेकोर विचारातून आलेला आहे.

स्विच झिजला की अनेक जण तो काढून टाकतात आणि वेगळे बटण बसवतात. काही जण तर जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोके जोडतात. ट्रॅक्टर त्या क्षणी गिअरमध्ये असेल तर मागचे अजस्र चाक शेजारी उभ्या माणसावरून जाते. जगभर अशा अपघातांत अनेकांचे प्राण गेले आहेत. त्यामुळे सुट्या भागांच्या यादीत मोटारीइतकेच स्विचलाही स्थान द्यायला हवे. टीई-२० साठी नव्याने बनवलेले असे स्विच मिळतात.

दोष नेमका कोठे?

भाग शोधण्याआधी दोष शोधणे श्रेयस्कर. स्टार्टर काही क्षणांत शेकडो अँपिअर वीज खेचतो. बॅटरीची सैल टोके, गंजलेली अर्थिंगची पट्टी किंवा बारीक केबल यांमुळे चांगला स्टार्टरही कण्हत फिरतो. सहा व्होल्टच्या ट्रॅक्टरमध्ये हे विशेष जाणवते; कारण तेवढ्याच शक्तीसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो आणि केबलही तितकीच जाड असावी लागते. सुरुवातीचे टीई-२० सहा व्होल्टचे, तर नंतरचे बारा व्होल्टचे आहेत. खरेदीपूर्वी याची खातरजमा आवश्यक ठरते.

दुसरा दोष यांत्रिक असतो. या पिढीच्या स्टार्टरमध्ये ‘बेंडिक्स’ ही यंत्रणा असते. मोटार झटक्याने फिरली की पिनियन आटेदार दांड्यावरून सरकते आणि फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकते. इंजिन सुरू झाले की तीच पिनियन मागे फेकली जाते. दांड्यावर ग्रीस आणि धूळ यांचा थर साचला की पिनियन पुढे जात नाही आणि मोटार नुसतीच घरघरते. अशा वेळी नवा स्टार्टर नव्हे, तर केवळ सफाई पुरते. तो दांडा कोरडा ठेवायचा असतो. तेल लावले की धूळ पुन्हा चिकटते.

चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागांवरच थांबते. त्यामुळे रिंग गिअरचे दातही तेथेच अधिक झिजतात. हँडलने इंजिन थोडे फिरवल्यावर स्टार्टर नीट पकड घेत असेल, तर दोष स्टार्टरचा नसून दातांचा आहे, हे ओळखावे.

नाव नव्हे, क्रमांक पाहा

‘फर्ग्युसनचा स्टार्टर’ अशी मागणी करणे ही सर्वांत मोठी चूक. टीई-२० या नावाखाली पेट्रोलवर, व्हेपरायझिंग ऑइलवर आणि डिझेलवर चालणारे वेगवेगळे ट्रॅक्टर निघाले. शिवाय गेल्या सत्तर वर्षांत कोणी काय बदलले असेल, हे सांगता येत नाही. म्हणून ट्रॅक्टरच्या पाटीपेक्षा स्टार्टरच्या अंगावरील मजकूर अधिक विश्वासार्ह असतो. ब्रिटिश लुकास कंपनी मोटारीच्या कवचावर मॉडेल, भाग क्रमांक आणि निर्मितीचा काळ ठोकून ठेवत असे. गंज आणि रंग हलक्या हाताने काढला की ही अक्षरे सहसा वाचता येतात. मॉडेलच्या नावातील अंक कवचाचा व्यास सुचवतात. ‘एम ३५’ म्हणजे साडेतीन इंच, ‘एम ४५’ म्हणजे साडेचार इंच.

क्रमांक पुसला गेला असेल तर जुना भाग समोर ठेवूनच नवा घ्यावा. पिनियनच्या दातांची संख्या, तिचा व्यास, फिरण्याची दिशा, बोल्टच्या छिद्रांमधील अंतर आणि व्होल्टेज या पाच गोष्टी जुळायलाच हव्यात. चुकीच्या दातांची पिनियन काही दिवस चालते आणि त्या काळात रिंग गिअर खाऊन टाकते. या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडूनच त्याचा कणा तयार होतो. रिंग गिअर बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. स्वस्त पिनियन अशी महागात पडते.

दुरुस्ती की नवा?

मूळ स्टार्टर शक्यतो टाकू नये. कार्बन, बुश, स्प्रिंग आणि पिनियन हे झिजणारे भाग आहेत आणि ते बदलता येतात. कम्युटेटर लेथवर साफ करून घेता येतो. जळालेले आर्मेचर रिवाइंड करता येते. गुंडाळ्यांची ही जुनी मोटार आणखी एका बाबतीत सोयीची आहे. जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बहुधा अर्थला जोडलेले असते. ही जोडणी उलटवली तरी जुनी मोटार त्याच दिशेने फिरते, कारण आर्मेचर आणि फील्ड या दोन्हींतील प्रवाह एकदमच उलटतो. आजच्या कायमस्वरूपी चुंबकांच्या स्टार्टरचे तसे नाही. तो उलट फिरू लागतो. आधुनिक पर्याय बसवताना हे ध्यानात ठेवावे लागते.

भारताशी नाते

फर्ग्युसनचा पुढचा अवतार असलेल्या मॅसी फर्ग्युसन ३५ च्या मालकांची वाट तुलनेने सोपी आहे. १९५९ च्या अखेरीस या ट्रॅक्टरला पर्किन्सचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळाले आणि ते घराणे पुढे दीर्घकाळ टिकले. १९६० मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये स्थापन झालेल्या ‘टॅफे’ने याच वंशातील १०३५ हे मॉडेल भारतीय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. त्याच शहरात पुढील वर्षी सुरू झालेल्या लुकास-टीव्हीएसने स्टार्टर आणि डायनॅमोंचे उत्पादन हाती घेतले. मूळ ब्रिटिश ट्रॅक्टर इतिहासजमा झाल्यावरही त्यांचे भारतीय वंशज शेतात राबत राहिले आणि त्यांच्याबरोबर सुटे भागही बाजारात टिकले. मात्र तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरचा स्टार्टर पेट्रोलच्या टीई-२० ला चालत नाही. नाते जवळचे असले तरी मापे वेगळी आहेत.

टीई-२० साठी जोडणीचे संच आणि नवे स्टार्टर आजही प्रामुख्याने ब्रिटनमधील विक्रेत्यांकडे मिळतात. फ्रेंड्स ऑफ फर्ग्युसन हेरिटेजसारख्या संस्थांच्या सभासदांकडे जुने भाग आणि ते ओळखण्याचे ज्ञान, दोन्ही असते. भाग मागवण्यापूर्वी स्टार्टर उतरवावा, साफ करावा, त्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा आणि पिनियनचे दात मोजावेत. जोडणी पूर्ण झाल्यावर अखेरची परीक्षा दुहेरी असते : न्यूट्रलमधून दांडा ‘एस’वर नेताच इंजिन सुरू व्हायला हवे आणि गिअरमध्ये असताना ते कोणत्याही उपायाने सुरू होता कामा नये. यातील दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची.