छापखान्यांच्या गल्लीतली गोलबेंगी

मी छपाईच्या धंद्यातला माणूस. सोलला गेलो की माझे पाय आधी उल्जीरोकडे वळतात. कोरियाचा राजा तेजोंग याने १४०३ मध्ये छपाईचे धातूचे खिळे ओतण्यासाठी ‘जुजासो’ ही सरकारी ओतशाळा काढली. तिचं नाव इथल्या जुजा-दोंग वस्तीत अजून टिकून आहे. शेजारच्या इन्ह्यॉन-दोंगच्या बोळांतून कागदाची रिमं लादलेल्या तीनचाकी मोटारसायकली आजही धडधडत जातात.

गोलबेंगी-मुचिमला नाव मिळवून दिलं ते याच छापखान्यांच्या कामगारांनी. गोलबेंगी म्हणजे शंखातली समुद्री गोगलगाय आणि मुचिम म्हणजे कालवण्याचा प्रकार. १९६०च्या दशकात काम सुटलं की ही माणसं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत टेकायची. तिथे कसली चूल आणि कसला आचारी! दुकानात असायचा गोलबेंगीचा डबा, सुकवलेला पोलॅक मासा, लसूण, मिरचीपूड. तेच कालवून बिअरबरोबर समोर यायचं.

रीत आजही तीच आहे. डबा फोडून रस बाजूला ठेवायचा आणि मोठ्या गोलबेंगीचे दोन तुकडे करायचे. सुक्या माशाच्या पट्ट्या त्याच रसात भिजवल्या की त्या मऊ पडतात आणि रसही वाया जात नाही. जाड पातीचा कांदा केसासारखा बारीक उभा चिरून गार पाण्यात सोडायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा उतरतो. मग भरड मिरचीपूड, भरपूर ठेचलेला लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, थोडी साखर. इतर ठिकाणी गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या मिरचीची पेस्ट घालतात. उल्जीरोत मात्र कोरडी पूडच. म्हणून इथला तिखटपणा जिभेवर स्वच्छ लागतो. पाणी सुटायच्या आत, अगदी वाढताना, सगळं हाताने कालवायचं. तळाशी उरलेल्या मसाल्यात उकडलेल्या बारीक शेवया घोळवायच्या. सोबत अंड्याची गुंडाळी.

या पदार्थातली मिरची मात्र कोरियात बाहेरून आलेली. कोरियन विद्वान यी सु-ग्वांगने १६१४ च्या ‘जिबोंग युसोल’ या ग्रंथात तिला ‘जपानी मोहरी’ म्हटलं आहे. अमेरिकेतलं हे पीक पोर्तुगीज जहाजांनी आपल्या गोव्यातही उतरवलं. आता तर गोलबेंगीही परदेशी आहे: कोरियाच्या किनाऱ्यावरची पुरेना, म्हणून वेल्स आणि आयर्लंडच्या समुद्रातून येते.

म्हणजे इथलं खरं काय? इथली आहेत ती माणसं आणि त्यांचा धंदा. पुनर्विकासात उल्जीरोचे बोळ एकेक करून पडत आहेत. जवळच १९८० पासून चाललेली ‘उल्जी ओबी बेअर’ ही बिअरची जागा २०२२ मध्ये रिकामी करवण्यात आली. गोलबेंगी-मुचिम उंच इमारतीतल्या हॉटेलातही मिळेल, चवही तशीच लागेल. पण किराणा दुकानाच्या फळीवरून हा पदार्थ ज्यांनी घडवला, त्यांना तिथे जागा नसेल. ही खाऊगल्ली टिकवायची असेल, तर आधी छापखाने टिकवायला हवेत.