तेच खिळे

माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. एका मराठी दैनिकाची पानं ते रात्रपाळीत जुळवायचे. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हातानं केसमधले अक्षरांचे खिळे न बघता उचलायचे. मजकूर उलट्या अक्षरांत वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती की घरी आलेलं पत्रही ते आधी आडवं-उभं फिरवून बघत, असं आजी सांगायची. क्रिकेटचा एकही सामना त्यांनी मैदानात जाऊन पाहिला नाही. तरी भारताचे कप्तान अजित वाडेकर यांच्याबद्दल बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा, कारण वाडेकरांचं नाव त्यांनी स्वतःच्या बोटांनी जुळवलं होतं.

१९७१ ची गोष्ट मात्र आजीकडून ऐकावी. २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थीचा दिवस. ओव्हलवर भारताला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. आमच्या चाळीत एकच चांगला ट्रान्झिस्टर होता, दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याच्याभोवती सगळे जमले होते. आरतीची वेळ झाली तरी कुणी हलेना. शेवटी आजीनं निरांजन पेटवलं आणि तबक घेऊन ती कठड्यापाशी तशीच उभी राहिली. सात वाजून गेल्यावर आबिद अलीनं विजयी फटका मारला, चार गडी राखून सामना जिंकला आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताची पहिली मालिका पदरात पडली. "त्या दिवशी आरती दोनदा झाली," आजी सांगायची, "एकदा गणपतीची आणि लगेच पुन्हा गणपतीचीच, कारण कुणाचंच समाधान होईना." ओव्हलवर त्या सामन्यात कुणी बेला नावाची हत्तीण आणली होती. आजीच्या लेखी तो साक्षात पुरावा होता.

वाडेकर स्वतः पाचव्या दिवशी सकाळी ४५ वर धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपले. जिंकल्याचं सांगायला इंग्लंडच्या केन बॅरिंग्टननं त्यांना उठवलं. आजोबांना हा किस्सा फार आवडायचा. इतका शांत माणूस आपला कप्तान आहे, याचं त्यांना कौतुक होतं.

संघ परतला तेव्हा सांताक्रूझ विमानतळापासून ब्रेबर्नपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. बापूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, तेव्हा अकरा वर्षांचा होता. कुणाच्या तरी खांद्यावर बसून त्यानं उघडी गाडी पाहिली. वाडेकर नेमके कोणते हे त्याला कळलं नाही, पण आपल्या अंगावर उडालेली झेंडूची पाकळी त्यानं भूगोलाच्या वहीत ठेवली. त्या रात्री आजोबांनी पहिल्या पानाचा मथळा लावला. सर्वांत मोठे खिळे नेहमीच्या केसमध्ये नसत. ते वेगळ्या खणात असत, निवडणुकीला किंवा मोठा नेता गेला तरच बाहेर निघत. त्या खणातून त्यांनी वाडेकरांचं नाव काढलं. चाळीनं संघाचा फोटो चौकटीत बसवून गणपतीच्या मखराशेजारी लावला. इंदूरला तर संघाच्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची प्रचंड बॅट उभी राहिली.

त्याच वर्षी आधी वेस्ट इंडिजमध्ये, मग इंग्लंडमध्ये आणि १९७२-७३ मध्ये मायदेशी पुन्हा इंग्लंडविरुद्ध, अशा तीन मालिका वाडेकरांनी लागोपाठ जिंकल्या. त्यांना पद्मश्री मिळाली.

मग १९७४ आलं. मार्चमध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकनं मुंबईला रोखलं. सलग पंधरा वर्षं मुंबईकडे असलेला करंडक गेला. त्या सामन्यात वाडेकर धावताना घसरून धावबाद झाले, आणि लोक तेव्हापासूनच बोलायला लागले होते, असं बापूकाका सांगतो. पुढे इंग्लंडचा दौरा. १९७१ ला कसोट्या जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या होत्या. या वेळी जूनमध्येच सुरू झाल्या. ओली हवा, थंडी, चेंडू दोन्हीकडे वळणारा. लॉर्ड्सवर इंग्लंडनं ६२९ धावा केल्या. २४ जूनला, सोमवारी, भारताचा दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर संपला. एकनाथ सोलकर १८ वर नाबाद राहिला. बाकी कुणी दोन आकडी धावसंख्येपर्यंत पोचलं नाही. जायबंदी चंद्रशेखर फलंदाजीला येऊ शकला नाही. पुढे मालिकाही ०-३ अशी गेली.

बेचाळीसच्या त्या रात्री आजोबा कामावर होते. बाहेर मुसळधार पाऊस. मजकूर आला, मथळा मोठा लावायचा असं सांगण्यात आलं. आजोबांनी तोच खण उघडला. वा, डे, क, र. तीन वर्षांपूर्वी याच खिळ्यांवर शाई लावली होती, हे त्यांच्या बोटांनी ओळखलं, असं ते म्हणत. नावापुढे 'नामुष्की' जुळवायला लागल्यावर त्यांचा हात थांबला. फोरमननं हाक मारली तेव्हा त्यांनी ते काम पुरं केलं. आयुष्यभर त्यांनी त्याबद्दल संपादकाला दोष दिला नाही. "बेचाळीस म्हणजे बेचाळीस, ते छापायलाच हवं होतं," ते म्हणायचे. "पण ते एका माणसाचे बेचाळीस नव्हते."

वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरची ती बॅट लोकांनी विद्रूप केली. दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळलं गेलं आणि त्यांनी खेळणं थांबवलं. आमच्या चाळीत पोरांनी चौकटीतला फोटो काढला आणि त्याला चपलांचा हार घालून जिन्यात टांगला. त्या पोरांत बापूकाका होता. हे त्यानं मला साठी उलटल्यावर सांगितलं, मान खाली घालून. पहाटे पाळी संपवून आजोबा आले, त्यांनी जिन्यात तो फोटो पाहिला, हार काढून चपला जोडीनं लावून ठेवल्या आणि काच धोतराच्या सोग्यानं पुसून फोटो घरात नेला. कुणाला काही बोलले नाहीत. बापूकाकाला ते न बोलणंच लागलं.

१९ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडलेडमध्ये भारताचा डाव ३६ धावांवर संपला तेव्हा सकाळी काकाचा फोन आला. "बेचाळीस गेले रे," एवढंच म्हणाला. तोवर माझ्या मोबाईलवर शिव्यांचा पाऊस सुरू झाला होता. आता खण उघडायला फोरमनची परवानगी लागत नाही. पुढच्याच सामन्यात अजिंक्य रहाणेनं मेलबर्नला ११२ धावा केल्या, संघानं मालिका फिरवली आणि माटुंग्याला त्याच्या घरी ढोलताशे वाजले. कांगारू असलेला केक पुढे आला तेव्हा त्यानं तो कापायला नकार दिला. काकानं ती बातमी कापून ठेवली. वर्षभरात त्याच रहाणेचं उपकर्णधारपद गेलं, आणि कालपर्यंत ढोल ऐकवणारे चॅनलवाले त्याला संघात का ठेवलंय असं विचारू लागले. धावा होत नसतील तर संघातून काढावं, त्याला माझी हरकत नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर महंमद शमीचा धर्म काढला गेला आणि पाठोपाठ विराट कोहलीच्या वर्षाचीही नसलेल्या मुलीबद्दल नको ते लिहिलं गेलं. त्याला मी क्रिकेटचं प्रेम म्हणणार नाही. तो तोच दगड आहे, फक्त आता लांबून मारता येतो.

वाडेकर १५ ऑगस्ट २०१८ ला गेले. आजोबा त्याच्या कितीतरी आधी. चौकट आता माझ्याकडे आहे. काचेच्या एका कोपऱ्यात अजून चीर आहे. चौकटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: कर्णधार म्हणून कसोटी १६, विजय ४, अनिर्णित ८, पराभव ४.