गणकयंत्राचीं धुळाक्षरें

कोणतीहि विद्या शिकूं लागलें म्हणजे पहिली अडचण येते ती आरंभाची. लेखन शिकणारा अक्षरें गिरवितो, गायन शिकणारा षड्ज लावतो. तेथें क्रम परंपरेनें ठरलेला असतो. गणकयंत्रासाठीं आज्ञावली लिहिण्याच्या विद्येला मात्र असा सर्वमान्य आरंभ लाभलेला नाहीं. यंत्राला सूचना देण्याच्या भाषा शेंकडों आहेत, आणि त्यांतील कोणती प्रथम हातीं घ्यावी या विवंचनेंत नवशिक्याचें शिकणेंच राहून जातें. या प्रश्नाच्या इतिहासांतील एक मोठा प्रसंग अमेरिकेंतील हॅनोव्हर या लहानशा गांवीं घडला.

तेथील डार्टमथ कॉलेजांत जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ हे गणिताचे दोन प्राध्यापक होते. केमेनी यांचा जन्म १९२६ सालचा, बुडापेस्टचा. १९४० सालीं ते कुटुंबासह अमेरिकेंत आले आणि पुढें प्रिन्स्टन येथें आइन्स्टाइन यांचे साहाय्यक झाले. आरंभीं डार्टमथपाशीं स्वतःचें गणकयंत्र नव्हतें. कुर्ट्झ हे छिद्रें पाडलेल्या कार्डांची पेटी घेऊन आगगाडीनें बॉस्टनकडे जात, तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटच्या यंत्रावर काम करून घेत आणि परत येत. एखादा स्वल्पविराम चुकला तर सारी खेप फुकट जाई. १९५७ सालीं फोरट्रान ही भाषा निघाली होती. परंतु तिचे नियम शास्त्रज्ञांना रुचावेत असे होते.

या दोघांची दृष्टि वेगळी होती. डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. उद्यां तेच वकील, व्यापारी आणि कारभारी होणार, आणि गणकयंत्रांचा उपयोग कोठें व कसा व्हावा याचे निर्णय त्यांच्याच हातून होणार. ज्या यंत्राला कधीं स्पर्शहि केला नाहीं त्याविषयीं त्यांनीं शहाणपणानें निर्णय तरी कसा द्यावा? म्हणून ही विद्या सर्वांस खुली झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ग्रंथालयाच्या उघड्या कपाटांतून विद्यार्थी जसा पुस्तक काढून घेतो, तसेंच त्यानें यंत्राकडे जावें.

त्यासाठीं दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली, एकच यंत्र क्षणाक्षणाला आळीपाळीनें अनेकांकडे लक्ष देईल अशी व्यवस्था; दुसरी, थोड्या तासांत हस्तगत होईल अशी भाषा. व्यवस्थेच्या रचनेचें बरेंचसें काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनींच केलें. १९६४ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेस, पहांटे चारच्या सुमारास, दोन टेलिटाइपांवरून दिलेल्या दोन आज्ञावल्या एकाच वेळीं चालल्या, आणि ‘बेसिक’ भाषेचा जन्म झाला.

तिचें स्वरूप पाहावें. ‘१० लेट एक्स = २ + ३’, ‘२० प्रिंट एक्स’, ‘३० एंड’ एवढ्या तीन ओळी लिहावयाच्या आणि ‘रन’ म्हणावयाचें, कीं यंत्र ५ हा आंकडा छापून देई. चूक झाली तर तीहि तत्काळ कळे, आणि ती ओळ नव्यानें लिहिली कीं काम भागे. १९७५ नंतर घरगुती गणकयंत्रें निघालीं तेव्हां त्यांपैकीं बहुतेकांबरोबर हीच भाषा घरोघर पोंचली.

आक्षेपहि आले, आणि ते पोकळ नव्हते. डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनीं १९७५ सालीं लिहिलें कीं, बेसिकनें आरंभ केलेल्याला पुढें चांगली रीत शिकविणें जवळजवळ अशक्य होतें. ‘गो टू’ या आज्ञेनें मनाला येईल तेथें उडी मारण्याची संवय लागते व विचारांची वीण उसवते, अशी या पंथाची तक्रार होती. झुरिक येथील निक्लाउस विर्थ यांनीं १९७० सालीं ‘पास्कल’ निर्माण केली ती शिस्तीचे पाठ देण्यासाठींच. उलटपक्षीं सीमोर पॅपर्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९६७ सालीं ‘लोगो’ काढली ती लहान मुलांसाठीं. पुढें जा, उजवीकडे ९० अंश वळ, हेंच चार वेळां कर, असें कांसवाला सांगून मूल चौरस काढी, आणि भूमिति त्याच्या हातीं येई. पुढें १९९१ सालीं ‘पायथन’ व २००७ सालीं ‘स्क्रॅच’ या भाषा आल्या आणि नवशिक्यांत रूढ झाल्या.

प्रत्येक वेळीं उत्तर बदललें, कारण प्रत्येक वेळीं शिकणारा निराळा होता. भाषांच्या पोटांतील कल्पना मात्र बव्हंशीं त्याच राहिल्या: किंमतीला नांव देणें, अट घालणें, पुनरावृत्ति करणें. एका भाषेंत त्या नीट उमगल्या म्हणजे दुसरी भाषा शिकतांना अर्धी वाट चाललेली असते. म्हणून आरंभ करणारानें सर्वश्रेष्ठ भाषेचा शोध घेत बसूं नये. जींत लिहिल्याबरोबर उत्तर येतें, चूक स्वस्तांत पडते आणि आपल्या मनांतला एखादा खरा प्रश्न सोडवितां येतो, ती भाषा आरंभाला पुरेशी आहे. धुळींत गिरविलेलीं अक्षरें पुसलीं जातात; त्यांनीं हाताला लावलेलें वळण तेवढें राहतें.