बारीक हातपाय, पुढे आलेले पोट : साठीनंतर वजनकाट्यासोबत टेपही हवी

डहाणू / तलासरी : "बारीक माणसाला कुठे शुगर होते? तो तर जाड्या, शहरातल्या माणसांचा आजार," असे अजूनही अनेक पाड्यांवर म्हटले जाते. त्यामुळे हातपाय काटकुळे असलेले आजी-आजोबा तपासणीला जातच नाहीत. पायाची जखम महिनाभर भरत नाही किंवा अर्धे अंग लुळे पडते, तेव्हा कुठे कळते की शुगर आणि बीपी कधीपासून वाढलेले होते. हा धोका आधी ओळखायला मोठे मशीन लागत नाही. शिंप्याकडची टेप किंवा साधी सुतळीसुद्धा पुरते. टेपने आजार पक्का कळत नाही, पण तपासणीला कोणी लवकर जावे हे नक्की कळते.

वजन सारखे, चरबी दुप्पट

उंचीच्या मानाने वजन किती, हे बीएमआय सांगतो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की बीएमआय निघतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा आणि १८.५ च्या खाली कमी वजन असे धरतात. पण वजनातले मांस किती आणि चरबी किती, हे बीएमआय सांगत नाही.

याचे गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दिसायला बारीक, आतून चरबीदार अशी भारतीय शरीराची ठेवण त्यातून जगापुढे आली.

याची सुरुवात आईच्या पोटातच होते. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हलकी होती, पण त्यांच्यात मांस कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. ज्या भागाने पिढ्यान्पिढ्या कुपोषण पाहिले, तिथे ही गोष्ट जास्त गांभीर्याने घ्यायला हवी. लहानपणी अर्धपोटी राहिलेल्या माणसाच्या खाण्यात उतारवयात गोड चहा, बिस्किटे आणि पाकिटातला खाऊ वाढला, बसून राहणे वाढले, की पोटाची चरबी लवकर साठते.

पोटाचीच चरबी वाईट का?

मांडीवर किंवा दंडावर कातडीखाली असलेली चरबी तितकी त्रास देत नाही. पोटात लिव्हर आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र रक्तात स्निग्ध पदार्थ सोडत राहते. मग इन्सुलिनचे काम नीट होत नाही, साखर रक्तातच राहते, बीपी वाढतो, लिव्हरवर चरबी चढते. साठीनंतर हातापायाचे मांस झिजते आणि चरबी पोटाकडे सरकते. वजनकाटा तेवढेच दाखवतो, पण आतला हिशोब बदललेला असतो.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले. २० वर्षांवरील लोकांत ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. वजनाच्या हिशोबाने लठ्ठ २८.६ टक्के होते, तर पोटाच्या घेराच्या हिशोबाने ३९.५ टक्के.

घेर कसा मोजायचा?

पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे, कारण पँट पोटाच्या खाली बांधली जाते. बरोबर पद्धत अशी :

– सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर मोजावे.
– सरळ उभे राहावे, पाय जवळ ठेवावेत. लुगड्याच्या निऱ्या, लुंगीची गाठ, करगोटा बाजूला सारावा.
– कुशीला सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपावी. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपावा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावावी.
– टेप सगळीकडून जमिनीला समांतर असावी. अंगाला टेकावी, पण रुतू नये.
– पोट आत ओढू नये. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचावा.
– दोनदा मोजावे. एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजावे.

पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या पुढे आणि बायांचा ८० च्या पुढे गेला, की शुगर-बीपी तपासून घ्यावे. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात हेच आकडे आहेत. बायांना ८१ ते ९० साठी एक गुण आणि ९० च्या वर दोन गुण मिळतात. पुरुषांना ९१ ते १०० साठी एक आणि १०० च्या वर दोन. वय, तंबाखू, दारू, हालचाल, घरात कोणाला आजार आहे का, हे सगळे धरून एकूण गुण चारच्या पुढे गेले तर त्या माणसाची तपासणी आधी करायची असते.

टेप नसेल तर सुतळी

उंचीएवढी सुतळी कापावी. ती मध्ये दुमडून अर्धी करावी आणि पोटाभोवती गुंडाळावी. दोन्ही टोके सहज भिडली तर घेर उंचीच्या निम्म्यात आहे. टोके भिडत नसतील तर धोका वाढलेला आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनातही २०२२ पासून घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवा असा सल्ला आहे, आणि तो बाई-पुरुष दोघांना सारखाच लागू आहे.

पाठीत बाक आलेल्या म्हाताऱ्या माणसाची उंची कमी भरते. मग सगळाच हिशोब चुकतो. अशा वेळी दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्यावे. ते साधारण तरुणपणीच्या उंचीएवढे असते.

समजा, एका आजीची उंची १५० सेंटीमीटर आणि वजन ४५ किलो आहे. बीएमआय २० येतो, म्हणजे कागदावर सगळे ठीक. पण घेर ८४ निघाला, तर तो ८० च्या वर आहे आणि उंचीच्या निम्म्याच्या, म्हणजे ७५ च्याही वर आहे. या आजींची तपासणी आधी व्हायला हवी.

पोटरीही मोजा

उतारवयात पोट सुटणे जितके वाईट, तितकेच मांस झिजणेही वाईट. खुर्चीवर बसून पाऊल जमिनीला टेकवावे आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर अंगाला पोषण कमी पडत असण्याची शक्यता आहे. जपानमध्ये यासाठी साधी युक्ती वापरतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटे जोडून पोटरीभोवती कडे करतात. कडे सैल पडून फट राहिली तर मांस कमी झाले असे समजतात. पायाला सूज असेल तर हे माप धरू नये.

न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजन वीसातला एक भाग, म्हणजे ५० किलोला अडीच किलो, उतरले तर "वयामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे टीबी, वाढलेली शुगर किंवा दुसरा आजार असू शकतो. पोट थोड्याच दिवसांत फुगले, टणक झाले, डोळे पिवळे दिसले किंवा पाय सुजले तर ती चरबी नसून पोटात पाणी झालेले असू शकते. दारू-ताडी जास्त घेणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.

तपासणी कुठे, काय सांगायचे?

तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, तसेच जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र येथे बीपी आणि शुगर तपासता येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ आली तर इशारा समजावा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टर मधुमेह ठरवतात. बीपी पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल तर उपचार लागतो.

घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा रक्त कमी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी अशा माणसांत चुकीचा आकडा देऊ शकते.

पोट कमी करायचे म्हणून म्हाताऱ्या माणसाने उपाशी राहू नये. त्याने पोटाआधी पोटरी वाळते. चहातली साखर, बिस्किटे, तळलेले कमी करावे. नागलीची भाकर, उडीद-तुरीची डाळ, अंडी, मासळी, रानभाज्या चालू ठेवाव्यात. सुकी मासळी खारट असते, म्हणून शिजवण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे. शुगर असलेल्यांनी चिकू बेतानेच खावा. रोज चालावे, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करावी. तोल जात असेल तर शेजारी कोणीतरी उभे राहावे.

घरातल्या वयस्कर माणसाचे वजन, पोटाचा घेर आणि पोटरी हे तीन आकडे दर तीन महिन्यांनी तारखेसह एका वहीत लिहून ठेवावेत. डॉक्टरकडे जाताना ती वही सोबत न्यावी. घेर वाढतोय आणि पोटरी बारीक होतेय, असे वहीत दिसले की पुढच्या बाजाराची वाट न पाहता दवाखाना गाठावा.