रूटने उघडलेला ब्राउझर

शेवट आधीच सांगतो: फायली गेल्या, आणि गेल्याची खूण राहिली नाही. खालच्या नोंदींपैकी फायरफॉक्सची निर्माती मोझिला आणि सुरक्षा कंपनी ईसेट यांच्याबद्दलच्या नोंदी घडलेल्या आहेत. रत्नागिरीतलं कार्यालय, तिथली माणसं आणि तिथल्या वेळा कल्पिलेल्या आहेत. वेळा भारतीय.

सोमवार, २७ जुलै २०१५
ईसेटच्या विश्लेषणानुसार चोरीची स्क्रिप्ट ठेवलेला सर्व्हर या दिवसापासून कामाला लागतो. सापळा रशियातल्या बातम्यांच्या एका संकेतस्थळावर, जाहिरातीच्या जागेत आहे. जाहिरातीवर क्लिक करावं लागत नाही. पान उघडलं की पुरे.

मंगळवार, ४ ऑगस्ट, सकाळी ९:४०
रत्नागिरी, माळनाका. जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या छोट्या कार्यालयात रात्रभर गेलेली वीज परत येते. एकच संगणक, त्यावर लिनक्स. खाती तीन: मालकाचं, हिशेबनिसाचं, मदतनिसाचं.

९:५५
मदतनीस आपल्या खात्यातून कामाला बसतो. प्रिंटर सापडत नाही. चार मुलांची कागदपत्रं आजच मुंबईला जायची आहेत.

१०:०८
“दादा, प्रिंटर परत जोडायला रूटचा पासवर्ड मागतोय.” रूट म्हणजे लिनक्समधलं सर्वाधिकाराचं खातं. मालक फोनवर पासवर्ड सांगतो. तेवढ्या कामापुरता तो टाकला असता तर प्रिंटर जोडला गेला असता आणि विषय संपला असता. मदतनीस आपल्या खात्यातून बाहेर पडतो आणि थेट रूट म्हणूनच लॉगिन करतो. मग दर वेळी पासवर्ड विचारला जाणार नाही. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये रूटचं खातं कुलूपबंदच येतं. या संगणकावर ती वाट कुणीतरी पूर्वी मोकळी करून ठेवली आहे.

१०:१९
प्रिंटर चालू होतो. २३ पानं निघतात.

१०:३१
कागद पाकिटात जातात. रूटचं काम संपलं आहे. बाहेर पडून पुन्हा आपल्या खात्यात यायला अर्धं मिनिट लागलं असतं. पुढे जे गेलं त्यातलं बरंचसं या अर्ध्या मिनिटात वाचत होतं, म्हणून या नोंदीपाशी मी सर्वांत जास्त अडखळतो. पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही, आणि समोरच्या माणसाला घाई आहे.

१०:४६
तो क्रोमियम हा ब्राउझर उघडू पाहतो. उघडत नाही. रूट म्हणून चालवता येत नाही, साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून सुरू करा, असा संदेश येतो. ब्राउझर दिवसभर अनोळखी माणसांनी लिहिलेला मजकूर आणि कोड उघडत असतो. त्यात एखादं भोक निघालंच, तर शिरणाऱ्याच्या हाती ब्राउझर चालवणाऱ्याचे सगळे अधिकार पडू शकतात. क्रोमियमच्या त्या एका ओळीमागे एवढं सगळं आहे. मदतनीस खिडकी बंद करतो.

१०:४७
फायरफॉक्स, आवृत्ती ३९. काहीही न विचारता उघडतो.

११:०२
मालकाचा भाचा ज्या जहाजावर आहे ते रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरात अडकलं आहे. बंदराची काही बातमी आहे का, बघ, असा निरोप येतो.

११:०४
सापळा असलेलं बातम्यांचं पान उघडतं.
फायरफॉक्समध्येच पीडीएफ दाखवणारा एक भाग असतो. तो जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे. एका संकेतस्थळाच्या कोडने दुसऱ्याच्या मजकुराला हात लावायचा नाही, हा ब्राउझरचा मूळ नियम. दोष असा, की या भागाच्या आडून तो नियम मोडून संगणकावरच्या फायली वाचता येतात. त्यासाठी कोणताही नवा प्रोग्राम संगणकावर बसवावा लागत नाही.

स्क्रिप्ट आधी लिनक्सची खातेयादी वाचते. तिचं नाव ‘पासवर्ड’चं असलं तरी आत पासवर्ड नसतात, खात्यांची नावं आणि प्रत्येकाच्या होम फोल्डरचा पत्ता असतो. ही यादी साध्या वापरकर्त्यालाही वाचता येते. मग स्क्रिप्ट एकेका होम फोल्डरकडे वळते आणि उघडेल ते घेते: टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञांचा इतिहास, डेटाबेसच्या आज्ञांचा इतिहास, दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या एसएसएच किल्ल्या, फायली पाठवायच्या फाइलझिला प्रोग्रामच्या नोंदी, नावात ‘पास’ किंवा ‘अॅक्सेस’ असलेल्या मजकूर-फायली, शेल स्क्रिप्ट.

मदतनिसाच्या खात्यातून ब्राउझर उघडला असता, तर त्याच्या स्वतःच्या फायली तरीही गेल्या असत्या. मालकाची एसएसएच किल्ली मात्र ६०० परवानगीची आहे: मालकाला वाचता-लिहिता येते, इतरांना काहीच नाही. तिथे स्क्रिप्ट अडली असती.

ब्राउझर रूटचा आहे. रूटला ही परवानगी आडवी येत नाही.

११:०५
मालकाच्या होम फोल्डरमधून कार्यालयाच्या वेबसर्व्हरची किल्ली जाते, आणि रोजच्या बॅकअपची स्क्रिप्टही. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेला आहे. हिशेबनिसाच्या होम फोल्डरमधून ‘बँक पास’ नावाची सात ओळींची फाइल. सगळं एका सर्व्हरकडे जातं. मोझिलाने पुढे सांगितलं, की तो युक्रेनमध्ये असावा.

११:०९
बंदराची बातमी सापडत नाही. पान बंद होतं.

बुधवार, ५ ऑगस्ट, रात्र
कॅलिफोर्नियात सकाळ आहे. फायरफॉक्सचा एक वापरकर्ता मोझिलाला त्या जाहिरातीबद्दल कळवतो. माळनाक्यावरचं पान बंद होऊन जवळपास दीड दिवस झाला आहे.

गुरुवार, ६ ऑगस्ट, रात्र
मोझिला दुरुस्ती जाहीर करते: आवृत्ती ३९.०.३. सोबत इशारा, की हा हल्ला संगणकावर आपली खूण ठेवत नाही. विंडोज किंवा लिनक्सवर फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी हा हल्ला शोधतो त्या फायलींमधले पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्यात, असा सल्लाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट, सकाळी १०:१५
मदतनीस अपडेट बसवतो. सल्ला वाचत नाही. किल्ल्या त्याच राहतात, बँकेचा पासवर्डही तोच.

शुक्रवार, ४ सप्टेंबर
मोझिला आणखी एक गोष्ट उघड करते. दोषांची नोंद ठेवणाऱ्या तिच्या बगझिला प्रणालीत कुणीतरी निदान सप्टेंबर २०१४पासून शिरत होतं. त्याने १८५ अप्रकाशित नोंदी पाहिल्या. त्यांतले ५३ दोष गंभीर होते. पीडीएफचा दोष त्याला तिथूनच मिळाला, असं मोझिलाचं म्हणणं. शिरायला वापरलेलं खातं विशेषाधिकाराचं होतं, आणि त्याच्या मालकाने तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरही ठेवला होता. तिथून तो फुटला असावा. मोझिलाने विशेषाधिकाराच्या खात्यांना पासवर्ड बदलायला लावले, दुहेरी पडताळणी सक्तीची केली, अशी खाती कमी करायला घेतली आणि उरलेल्यांपैकी प्रत्येकाला काय करता येईल यावर मर्यादा आणली.