आल : खानदेशातील एक विसरलेला वृक्ष

वृक्षाची योग्यता आपण बहुधा त्याच्या छायेवरून, फळांवरून किंवा लाकडावरून ठरवितो. जमिनीखाली दडलेल्या मुळ्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु खानदेशात एके काळी असा एक वृक्ष लावीत असत, की ज्याचे सारे मोल त्याच्या मुळ्यांतच साठलेले होते. त्याचे नाव आल. बारतोंडी या नावानेही तो ओळखला जातो.

सातपुड्याच्या पायथ्याचे फैजपूर आज केळीच्या मुलखात मोडते, आणि १९३६ सालच्या डिसेंबरात खेड्यात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनामुळे त्याचे नाव देशभर झाले. तत्पूर्वी, एकोणिसाव्या शतकात, त्याची कीर्ती निराळी होती. छापील कापड व रंगकाम यांबद्दल ते प्रसिद्ध असे, आणि तेथील लाकडाचा आठवडेबाजार बऱ्हाणपूरच्या खालोखाल गणला जाई. त्या बाजारात झाडाची किंमत खोडावर ठरे. आल घेणाऱ्या रंगाऱ्याच्या दारी मात्र ती मुळीवर ठरे.

खानदेश, वऱ्हाड, माळवा व बुंदेलखंड या प्रांतांत खोल काळ्या जमिनीत आल पेरीत. तीन-चार वर्षे झाडे वाढवून मग ती खणून काढीत. येथेच या शेतीचे मर्म होते. मुळीच्या सालीत रंग भरतो खरा, पण झाड फार वाढू दिले तर तो ओसरतो. सहा वर्षांनंतर मुळीत रंग जवळजवळ उरत नाही. बारीक मुळ्यांस भाव अधिक येई, जाड मुळ्या टाकून देत. म्हणजे झाड जगविण्याइतकेच ते वेळेवर खणण्याचे ज्ञान आवश्यक होते. बियांकरिता मात्र थोडी झाडे राखून ठेवीत. तीन वर्षे जमीन अडकवून ठेवणारा शेतकरी रंगाऱ्याच्या उद्याच्या गरजेवर केवढा विश्वास टाकीत असेल!

रंगारी कापडास आधी तेल व सज्जीखार देई, मग तुरटीचे पाणी, आणि शेवटी आल घालून ते उकळी. त्यातून पक्के तांबडे निघे. वह्यांच्या वेष्टनाचा जाडाभरडा खारवा याच रंगाचा असे.

हा विश्वास तुटला तो येथील कोणाच्या चुकीने नव्हे. आलच्याच कुळातील मंजिष्ठवर्गीय वनस्पतींपासून युरोपात तांबडा रंग काढीत. १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या रंगातील मुख्य द्रव्य, अलिझरीन, डांबरापासून तयार केले आणि लवकरच ते कारखान्यांतून बाहेर पडू लागले. तीन वर्षांचे काम डब्यातल्या भुकटीने काही तासांत होऊ लागले, तेव्हा फ्रान्समधील मंजिष्ठेची शेते ओसाड पडली, आणि आपल्याकडील आलही क्रमाने मागे पडला. स्वस्त रंग घेणाऱ्या गिऱ्हाइकास दोष देता येणार नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हातांत मुरलेली विद्या एका आयुष्याच्या अवधीत निरुपयोगी ठरावी, ही हानी केवळ पैशांत मोजण्याजोगी नाही.

वृक्ष मात्र नष्ट झालेला नाही. आज त्याच्याच जातीच्या फळांचा रस ‘नोनी’ या परक्या नावाने बाटल्यांतून विकला जातो; एके काळी मुळीसाठी लावलेले झाड आता फळासाठी लावतात! ज्यांच्या घरी थोडी मोकळी जागा आहे, त्यांनी हे झाड अवश्य लावावे. पिकलेल्या फळाचा गर धुऊन बी काढावे. ते कठीण असल्याने टोक किंचित छाटून पेरावे, नाही तर कोंब दिसण्यास महिनेही लागतात. रोपास ऊन द्यावे व पहिल्या उन्हाळ्यांत पाणी तोडू नये. पांढरी सुवासिक फुले मन प्रसन्न करतील. पिकल्या फळाचा दर्प मात्र उग्र असतो, म्हणून झाड खिडकीपासून दूर असलेले बरे.

आमच्या मते एवढ्याने कर्तव्य संपत नाही. झाड राखणे सोपे आहे. ते कोणत्या वर्षी खणावे व कोणती मुळी टाकावी, हे सांगणारा माणूस राखणे कठीण. वापर थांबला की वृक्ष बांधावर उभा राहतो, पण त्याचे शास्त्र निघून जाते. खानदेशातील वृद्धांपैकी कोणास या रंगाच्या कामाची घरात ऐकलेली माहिती आठवत असेल, तर ती आजच लिहून घ्यावी. बी पुन्हा पेरता येते. विस्मृतीत गेलेली विद्या पेरण्यास बी कोठून आणणार?